शस्त्रक्रियेआधीच्या केमोनंतरही गाठ उरली: आईच्या अहवालावरून पुढचे काय सांगता येते?

प्रश्न

माझ्या आईचे वय ५६ आहे. तिच्या डाव्या स्तनात ३.८ सेंटिमीटरची गाठ आढळली. बायोप्सीत ती ईआर व पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह, ग्रेड २ (मध्यम) निघाली आणि काखेतील एका ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी सापडल्या. आधी केमोच्या आठ सायकल झाल्या आणि मग शस्त्रक्रिया. आता आलेल्या अहवालात १६ × १२ मिलिमीटरच्या भागात सुमारे २० टक्के कर्कपेशी शिल्लक असल्याचे, काखेतील २ ग्रंथी बाधित असल्याचे, त्यांतील सर्वांत मोठा ठिपका ४ मिलिमीटरचा असल्याचे आणि शेवटी ‘आरसीबी-२’ असे लिहिले आहे.

आमच्या शेजारच्या काकूंचा कर्करोग ट्रिपल निगेटिव्ह (या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) होता आणि केमोनंतर त्यांच्या अहवालात काहीही उरले नव्हते. ते ऐकल्यापासून ‘मला औषध लागूच पडले नाही’ असे आईने मनाशी धरले आहे. तिचे म्हणणे खरे आहे का? या अहवालावरून पुढच्या वर्षांबद्दल नेमके काय समजायचे?

उत्तर १ (पॅथॉलॉजी विभागात काम करते)

आपल्या आईंचा निष्कर्ष बरोबर नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या कर्करोगाच्या प्रकारातच आहे. केमो प्रामुख्याने वेगाने विभागणाऱ्या पेशींवर काम करते. ग्रेड २ च्या हार्मोन पॉझिटिव्ह गाठीतील पेशी सावकाश वाढतात, त्यामुळे अशा गाठी केमोने पूर्णपणे नाहीशा होणे मुळातच दुर्मीळ आहे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बारा चाचण्यांतील ११,९५५ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ग्रेड १ व २ च्या हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गटात स्तन आणि काख दोन्हीकडे काहीही न उरण्याचे प्रमाण अवघे ७.५ टक्के होते, तर ट्रिपल निगेटिव्हमध्ये ते ३३.६ टक्के होते. याच विश्लेषणात असेही दिसले की पूर्ण प्रतिसाद मिळणे आणि पुढे आजार परत न येणे यांचे नाते ट्रिपल निगेटिव्ह व हर-टू पॉझिटिव्ह प्रकारांत घट्ट आहे आणि आपल्या आईंच्या प्रकारात बरेच सैल आहे. काकूंचा अहवाल आणि आईंचा अहवाल एका तराजूत घालता येत नाहीत.

आता आरसीबीविषयी. ‘उरलेल्या कर्करोगाचा भार’ मोजण्याची ही पद्धत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात तयार झाली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात गाठीच्या जागेची लांबी-रुंदी, त्या जागेतील कर्कपेशींचे प्रमाण, त्यांपैकी दुधाच्या नलिकेबाहेर न पडलेल्या पेशींचा वाटा, बाधित ग्रंथींची संख्या आणि ग्रंथीतील सर्वांत मोठ्या ठिपक्याचा आकार एका सूत्रात घालतात. आपण दिलेल्या आकड्यांत नलिकेतील वाटा शून्य धरून मी हिशेब करून पाहिला, तेव्हा गुणांक सुमारे ३.०६ आला. दुसरा गट १.३६ च्या पुढे सुरू होतो आणि ३.२८ ला संपतो, म्हणजे आई दुसऱ्या गटात असल्या तरी त्याच्या वरच्या टोकाकडे आहेत, हे मी लपवणार नाही. या गुणांकाचा जवळजवळ निम्मा भाग काखेतील दोन ग्रंथींमुळे आला आहे. ५,१६१ रुग्णांच्या २०२२ च्या विश्लेषणात सर्व प्रकारांत आरसीबी वाढेल तशी आजार परतण्याची जोखीम वाढलेली दिसली, तेव्हा हा आकडा निरर्थकही नाही. मात्र तो गटाविषयी बोलतो, एका व्यक्तीचे भविष्य सांगत नाही.

एक विनंती आहे. उरलेल्या गाठीवर ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने विभागत आहेत याची खूण) पुन्हा तपासले आहेत का, ते जरूर विचारा. केमोनंतर हे निकाल कधीकधी बदललेले आढळतात.

उत्तर २

मी स्वतः ट्रिपल निगेटिव्हची रुग्ण आहे आणि केमोनंतर माझीही गाठ उरली होती. माझ्या प्रकारात ती बातमी खरोखर गंभीर असते. परंतु त्याच अहवालामुळे मला पुढे केपसायटाबिन या केमोच्या गोळ्या मिळाल्या. जपान व दक्षिण कोरियातील ९१० रुग्णांच्या चाचणीत, ट्रिपल निगेटिव्ह गटात, या गोळ्या घेतलेल्यांपैकी ७८.८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ७०.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. शस्त्रक्रिया आधी झाली असती, तर माझ्यावर केमोचा परिणाम किती झाला हे कोणालाच कळले नसते. आपल्या आईंना माझ्या वतीने एवढे सांगा की उरलेली गाठ पाहूनच डॉक्टर पुढचे औषध ठरवतात.

उत्तर ३ (कर्करोग विभागातील निवासी डॉक्टर)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. हार्मोन पॉझिटिव्ह रुग्णांसाठी मी आरसीबीबरोबर सीपीएस-ईजी हा गुणांकही पाहतो, कारण त्यात आजाराचा केमोपूर्वीचा टप्पा (स्टेज), शस्त्रक्रियेनंतरचा टप्पा, ईआर आणि ग्रेड अशा चार गोष्टी येतात. आपल्या माहितीनुसार आईंना सहापैकी दोन गुण मिळतात (गुण जितके कमी तितके चांगले): एक आधीच्या टप्प्याचा, एक नंतरच्या टप्प्याचा. ईआर पॉझिटिव्ह असल्याचा आणि ग्रेड ३ नसल्याचा त्यांना फायदा झाला आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांचे मुख्य औषध अजून सुरूच झालेले नाही. रजोनिवृत्ती झालेली असल्यास लेट्रोझोलसारखी हार्मोनविरोधी गोळी निदान पाच वर्षे आणि काखेतील ग्रंथी बाधित असल्यामुळे कदाचित त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागेल. या प्रकारात आजार पाच वर्षांनंतरही परतू शकतो, म्हणून ती गोळी मधेच सोडण्याइतके नुकसानकारक दुसरे काही नाही. सांधेदुखी झाली तर सहन करत राहू नका, डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या.

गोळीच्या जोडीला पेशींचे विभाजन रोखणारे रायबोसिक्लिब हे औषध देता येईल का, हेही विचारा. ग्रंथी बाधित असलेल्या अशा रुग्णांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. खर्च मोठा आहे, तेव्हा पहिल्याच भेटीत आर्थिक मदतीच्या योजनांचीही चौकशी करा. पॅल्बोसिक्लिब हे त्याच कुळातील औषध मात्र केमोनंतर गाठ उरलेल्या रुग्णांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपयोगी ठरले नाही, त्यामुळे नावांत गल्लत होऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. अहवाल पुन्हा पाहिला. त्यात ईआर ९० टक्के लिहिले आहे, पण ते जुन्या बायोप्सीवरचे आहे. उरलेल्या गाठीवर तपासणी झालेली नाही. शुक्रवारी डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारेन. उत्तर १ आईला वाचून दाखवले, तेव्हा ७.५ टक्के हा आकडा तिने दोनदा वाचायला लावला.