भट्टीवरचा माणूस भाजला आणि कळलं, त्याचा विमाच नव्हता. मालकाने कोणकोणता विमा घ्यायचा?

शेवभट्टी_सांवेररोड

नमस्कार मंडळी. मी इंदूरचाच. घर लोकमान्य नगरात, शेव-मिक्स्चरचा छोटा कारखाना सांवेर रोडवर. वडिलांनी सुरू केला, गेली अकरा वर्षं मी बघतो. एरवी नऊ माणसं असतात, राखीपासून दिवाळीपर्यंत बारा-तेरा.

मागच्या महिन्यात आमच्या उस्तादचा हात भाजला. झारा धुऊन ठेवला होता, त्यात पाणी राहिलं होतं. कढईवर धरला आणि तेल असं उसळलं की मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी डोळ्यांदेखत पांढरी पडली. पिंपातलं पाणी ओतत ओतत आम्ही त्याला लोडिंग रिक्षात घालून नेलं. अकरा दिवस दवाखान्यात होता. बिल ८७,००० रुपये. मी भरलं, त्याचा पगारही चालू ठेवलाय. सोळा वर्षं तो आमच्या भट्टीवर उभा आहे, माझ्या लग्नातली शेव त्याच्याच हातची.

त्या रात्री घरी येऊन सगळ्या पॉलिसींची फाईल काढली. कारखान्याची आगीची पॉलिसी आहे. एजंटने ती देताना "सगळं कव्हर आहे, निश्चिंत राहा" म्हटलं होतं. आमच्या घराचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे. माझ्या नावावर तीन लाखांची मनीबॅक, म्हणजे बचतीची आयुर्विमा पॉलिसी आहे. रिक्षाची पॉलिसी आहे. वर्षाला इतका हप्ता भरतो आणि ज्याच्या हातावर धंदा उभा आहे त्याच्या नावाचा एकही कागद त्या फाईलमध्ये नाही. मला झोप लागली नाही.

मला मुळापासून समजून घ्यायचंय. कामगारांसाठी काय काय असतं? नऊ माणसांना काय लागू होतं? आणि मी स्वतः ४२ वर्षांचा, बँकेचं २२ लाखांचं कर्ज डोक्यावर, आई ६८ वर्षांची आणि तिला साखर आहे. माझ्या घराचं काय? एजंटला विचारायचा आता धीर होत नाही, म्हणून इथे विचारतोय.

रामबाग_निवृत्त

तुम्ही बिल भरलंत आणि पगार थांबवला नाहीत, हे फार चांगलं केलंत. मी ३४ वर्षं विमा कंपनीत काढली, शेवटची बरीच वर्षं दाव्यांच्या टेबलावर. अशा प्रसंगी हात वर करणारे मालक पुष्कळ पाहिले.

कुठलीही पॉलिसी हातात घेतली की मी एकच विचारायचो: वेळ आली तर पैसा कुणाच्या हातात पडणार? तुमची आगीची पॉलिसी घ्या. इमारत, मशीन, माल जळला तर पैसा तुम्हाला, आणि कर्ज असेल तर आधी बँकेला. माणसाच्या कातडीचा तिच्याशी संबंध नाही. एजंटच्या "सगळं"मध्ये उस्ताद कधीच नव्हता.

उस्तादच्या हातात पैसा पडेल असा पहिला विमा म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा, ज्याला आपल्याकडे सगळे नुसतं 'बीमा' म्हणतात. हा १९४८ च्या कायद्याचा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला लागू, आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा प्रत्येक जण त्यात येतो. तुम्ही नऊ म्हणता, पण दिवाळीत तेरा होते ना? ज्या दिवशी दहा पूर्ण झाले त्या दिवसापासून तुम्ही त्यात आलात, आणि नंतर माणसं कमी झाली तरी त्यातून बाहेर पडता येत नाही. रोजंदारीवर आणलेले, ठेकेदाराने पाठवलेले, सगळे मोजतात. म्हणजे माझ्या हिशेबाने तुम्ही केव्हाच नोंदणी करायला हवी होती. रागावून सांगत नाही, पण हे आधी करा. नोंद करायची राहिली असताना अपघात झाला तर ईएसआयचं महामंडळ कामगाराला लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकतं.

खर्च किती? मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. उस्तादला १४,००० पगार धरला तर तुमचे ४५५ आणि त्याचे १०५. नऊही जणांचा सरासरी पगार एवढाच धरला तरी तुमच्या खिशातून महिन्याला ४,०९५ रुपये जातील. तुम्ही एका बिलात ८७,००० भरलेत.

आणि त्याबदल्यात मिळतं काय ते बघा. त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर उपचार. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, त्याला आधीच्या वर्गणीची अट आहे. पण कामावर अपघात झाला तर तसली अट नाही, पहिल्या दिवशी भाजला तरी लाभ मिळतो. माणूस कामावर परत येईपर्यंत पगाराच्या ९० टक्के सुरू राहतात. म्हणजे उस्तादला घरी बसून महिन्याला सुमारे १२,६०० मिळाले असते आणि तुम्हाला कुठे उसनवारी करावी लागली नसती. कामावर मृत्यू आला तर कुटुंबाला पेन्शनसारखी दरमहा रक्कम मिळते. एवढ्या हप्त्यात बाजारातली कुठलीही कंपनी हे देणार नाही.

आता २१,००० च्या वर पगार असणाऱ्यांचं. तुमच्याकडे मॅनेजर किंवा हिशेबनीस असेल ना?

शेवभट्टी_सांवेररोड

आहे. पॅकिंग आणि हिशेब बघणारा, वय ४०, पगार २४,०००. काका, तेराचा हिशेब वाचून पोटात गोळाच आला. आजवर मला वाटायचं, नऊ म्हणजे आपण सुटलो.

रामबाग_निवृत्त

मग तो बीमाच्या बाहेर आणि नुकसानभरपाईच्या कायद्याच्या आत. हा मूळचा १९२३ चा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय आणि हे जुने कायदे तिच्यात आले, पण हिशेबाचं सूत्र तेच आहे. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. हिशेबाला पगार १५,००० पर्यंतच धरतात. चाळिशीच्या माणसाचा आकडा १८४.१७. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, झाले १३,८१,२७५ रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के. ही रक्कम देणं मालकाची जबाबदारी आहे, चूक कुणाची हे बहुतेक वेळा विचारलं जात नाही. तुमच्या मिळकतीतून एकदम १३ लाख काढता येतील का?

ही जबाबदारी कंपनीवर टाकायची पॉलिसी मिळते. बाजारात जुन्या सवयीने तिला डब्ल्यूसी, म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणतात. घेताना दवाखान्याच्या खर्चाची जोड मागून घ्या, पुष्कळदा ती वेगळी असते. पगाराची यादी खरी द्या. यादीत नाव नसलेला माणूस पडला की भांडण सुरू होतं, हे मी शेकडो फाईलींत पाहिलंय.

आणखी एक गोष्ट, आजच करण्यासारखी. सगळ्यांची पासबुकं मागवा. मे महिन्याच्या शेवटी २० रुपये आणि ४३६ रुपये कापलेत का बघा. २० चा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. ४३६ चा जीवनज्योती, कुठल्याही मृत्यूला २ लाख, वय १८ ते ५०. हप्ते त्यांच्या खात्यातून जातात. तुम्ही ते बोनसमध्ये घालून द्या. आणि वारस कोण लिहिलाय तेही बघा, कित्येकांच्या कागदावर ती जागा कोरीच असते.

सुदामानगर_ताई

भाऊ, तुमच्या घरच्या पाच लाखांच्या मेडिक्लेममध्ये खोलीभाड्याची मर्यादा लिहिलीय का बघा. आमच्या बाबांच्या वेळी आम्ही बघितली नव्हती. पॉलिसीत खोलीसाठी दिवसाला ५,००० होते, आम्ही ८,००० ची खोली घेतली कारण तीच रिकामी होती. वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, असं मिळून २,४०,००० होते, त्यातले त्याच प्रमाणात म्हणजे आठातले पाच हिस्से, १,५०,००० मंजूर झाले. ९०,००० तिथेच कापले. औषधं आणि तपासण्यांना कात्री लागली नाही, तेवढंच. डिस्चार्जच्या खिडकीशी उभी राहून मी भावाला फोन करून पैसे मागवले, ते मला अजून आठवतं. मर्यादा असेल तर नूतनीकरणाच्या वेळी ती नसलेली पॉलिसी घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

आणि वहिनी नोकरी करत असतील आणि त्यांच्या कंपनीचा गटविमा असेल तर त्यावर विसंबू नका. तो नोकरीबरोबर जातो. माझी नोकरी सुटली त्या दिवशीच सासूबाईंचं कव्हर संपलं. नोकरी सोडण्याआधी त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागता येते, हे मला नंतर कळलं.

शेवभट्टी_सांवेररोड

ताई, पॉलिसी काढून बघितली. खोलीला रकमेच्या एक टक्का लिहिलंय. म्हणजे तेच ५,०००. धन्यवाद, खरंच.

बायको शाळेत आहे, तिथे काही नाही. काका, आईचं आणि माझं सांगाल का? मनीबॅकचे तीन लाख आणि कर्ज २२ लाख, हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि बघत बसलो.

रामबाग_निवृत्त

ते दोन आकडे शेजारी लिहिलेत, तिथेच उत्तर आहे. तुम्ही गेलात तर बायकोच्या हातात तीन लाख आणि दारात बँक. मनीबॅकमध्ये बचत जास्त आणि संरक्षण थोडं असतं. तुम्हाला टर्म विमा हवा, ज्यात जिवंत राहिलात तर काही मिळत नाही, म्हणूनच हप्ता कमी असतो. कर्ज आणि घराचा दहा-पंधरा वर्षांचा खर्च मिळून रक्कम ठरवा. मनीबॅक घाईने मोडू नका, आधी टर्म हातात येऊ द्या.

तुमच्यासारख्या कर्जदार धंदेवाल्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. टर्म घेतानाच त्याच्या कलम ६ खाली बायको-मुलांच्या नावे पॉलिसी काढली तर ती रक्कम त्यांचीच राहते, सावकार आणि बँक तिच्यावर हात टाकू शकत नाहीत. फॉर्मसोबत एक पानी कागद भरावा लागतो. नंतर जोडता येत नाही, म्हणून घेतानाच मागा.

फॉर्मवर तंबाखू, साखर, जे असेल ते खरं लिहा. एजंटला लिहू देऊ नका, स्वतः लिहा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आयुर्विम्याला तीन वर्षं झाली की कंपनीला पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही, पण माणूस दुसऱ्याच वर्षी गेला तर? लपवलेल्या एका ओळीपायी घरच्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं काम मी केलंय. ते विसरता येत नाही.

आईसाठी आरोग्यविमा आत्ताच बघा. साखरेसारख्या आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावता येतं, त्यापुढे नाही. म्हणजे जितक्या लवकर घ्याल तितक्या लवकर तो काळ सुरू होतो. दोन वर्षांनी ७० पूर्ण झाल्यावर आयुष्मानचं कार्ड काढा, ७० च्या पुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, तेवढी सोय झालीय.

आगीच्या पॉलिसीकडेही एकदा बघा. समजा माल आणि मशीन ३० लाखांचं आणि विमा १८ चा, तर सहा लाखांचं नुकसान झालं की हातात येतात ३ लाख ६० हजार. रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर चालवून घेतात, जास्त असेल तर त्याच प्रमाणात कापतात. दिवाळीआधी तुमचा माल किती भरलेला असतो ते तुम्हालाच माहीत.

नंदानगर_मिलवाले

उशिरा लिहितोय. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. १९९१ मध्ये मिल बंद पडली आणि थकबाकीचे पैसे २०२३ च्या डिसेंबरात मिळाले, तोवर वडील राहिले नव्हते. पण मिल चालू असताना आम्हा पाच भावंडांची सगळी दुखणी नंदा नगरच्या बीमा हॉस्पिटलात निभावली. आईच्या बटव्यात ते कार्ड कायम असायचं. म्हणून या कार्डाची किंमत मला ठाऊक आहे.

नोंदणी ऑनलाईन होते. प्रत्येकाचं आधार, बँक खातं, आणि घरच्यांची नावं व जन्मतारखा लागतात. घरच्यांची नावं भरायचा कंटाळा करू नका. कारकून घाईत एकट्या कामगाराचं नाव टाकून मोकळा होतो, मग मुलाला ताप आला की बाप खिडकीवर वाद घालत बसतो. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची.

शेवभट्टी_सांवेररोड

मंडळी, कळवतो. अकाउंटंटला घेऊन नोंदणी केली, मागच्या दिवाळीचं हजेरीपुस्तकही लपवलं नाही, जे भरायचं निघेल ते भरीन. मॅनेजरसाठी डब्ल्यूसी घेतली, दवाखान्याच्या जोडीसकट. टर्मची तपासणी गुरुवारी आहे, तो एक पानी कागद मागून घेतलाय.

उस्तादच्या हातावर नवी गुलाबी कातडी आलीय, पण भट्टीजवळ अजून उभं राहवत नाही, म्हणून पॅकिंगला बसतो. काल त्याचा बीमा नंबर आला. कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "भैया, अम्मा का नाम भी चढ़ेगा क्या?" त्याची आई त्याच्याचकडे असते, तिला काही उत्पन्न नाही. चढेल का?

नंदानगर_मिलवाले

चढेल. त्याच्यावर अवलंबून असलेली आई कुटुंबात धरतात. तिचं आधार घ्या आणि फोटो काढून ठेवा.