‘कव्हर’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न

रॉक अँड रोलच्या जुन्या गाण्यांविषयीच्या एका लेखात ‘हाउंड डॉग’ हे एल्विस प्रेस्लीचे गाणे म्हटले आहे, तर दुसऱ्या लेखात ते बिग ममा थॉर्नटन या गायिकेचे असून एल्विसने त्याचे ‘कव्हर’ केले, म्हणजे आधी दुसऱ्याने गायलेले गाणे स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केले, असे लिहिले आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी बरोबर असू शकतात का? ‘कव्हर’ऐवजी ‘पुनर्गायन’ हा शब्द वापरण्यास जाणकारांची काही हरकत आहे का?

पहिले उत्तर

दोन्ही विधाने बरोबर ठरू शकतात, कारण घोटाळा आपल्या षष्ठीच्या प्रत्ययात आहे. ‘गदिमांचे गाणे’ म्हटले की शब्द कोणाचे ते कळते, ‘बाबूजींचे गाणे’ म्हटले की चाल किंवा आवाज किंवा दोन्ही, आणि ‘लताबाईंचे गाणे’ म्हटले की बहुधा केवळ आवाज. प्रत्यय मात्र तिन्ही ठिकाणी एकच. ‘हाउंड डॉग’ जेरी लीबर आणि माइक स्टोलर या जोडीने लिहिले. थॉर्नटनबाईंनी ते १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि पुढच्या वर्षी पीकॉक कंपनीने त्याची तबकडी बाजारात आणली. एल्विसने १९५६ मध्ये ते गायले, पण थॉर्नटनबाईंच्या तबकडीवरून नव्हे. लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल आणि त्याचे बेलबॉइज हे पथक ज्या बदललेल्या शब्दांत ते सादर करीत असे, तो पाठ त्याने उचलला. मूळ गाण्यात एक बाई ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढते, तर बेलच्या पाठात सशाची शिकार न साधणारा खराखुरा कुत्रा आला आणि गाण्यातला डंख बराचसा गेला. तेव्हा लेखात ‘लीबर-स्टोलर यांचे, थॉर्नटन यांनी प्रथम ध्वनिमुद्रित केलेले, एल्विसच्या आवाजात गाजलेले’ असे लिहिणे लांबलचक असले तरी तेच अचूक आहे.

‘पुनर्गायना’विषयी माझी हरकत आहे, कारण ‘कव्हर’ या शब्दाला १९५० च्या दशकात असलेला व्यापारी अर्थ त्यातून पूर्णपणे निसटतो. त्या काळी शिकागोच्या चेस किंवा न्यूयॉर्कच्या अटलांटिकसारख्या स्वतंत्र कंपन्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या काढीत, आणि एखादी चालू लागली की ती विकली जात असतानाच दुसरी, बहुधा अधिक बळकट वितरण असलेली कंपनी तेच गाणे गोऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन बाजारात उतरवीत असे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे ठरावीक मानधन, म्हणजे प्रतीमागे २ सेंट, भरून कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येई. हे पैसे गाण्याच्या हक्कधारकांकडे जात, पहिल्या गायकाकडे नव्हे, आणि वाद्यमेळाच्या रचनेला तर स्वतंत्र संरक्षणच नव्हते. कृष्णवर्णीय गायिका लाव्हर्न बेकर यांच्या ‘ट्वीडल डी’चे १९५५ मध्ये गोऱ्या गायिका जॉर्जिया गिब्ज यांनी असेच कव्हर केले, तेव्हा आपली वाद्यरचना जशीच्या तशी उचलली गेल्याची तक्रार बेकर यांनी अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सदस्य चार्ल्स डिग्ज यांच्याकडे केली होती. त्याच वर्षी गोरे गायक पॅट बून यांनी कृष्णवर्णीय गायक फॅट्स डॉमिनोचे ‘एन्ट दॅट अ शेम’ गाऊन लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक गाठला. मात्र डॉमिनो त्या गाण्याचा सहलेखक असल्यामुळे बूनच्या विक्रीतूनही त्याला काही मिळकत झाली. ‘ट्वीडल डी’ बेकर यांनी लिहिलेले नव्हते, आणि सगळा फरक तिथेच आहे. अशा प्रकाराला ‘प्रतिस्पर्धी ध्वनिमुद्रण’ म्हणावे. ‘पुनर्गायन’ त्याला फार सोज्वळ वाटते.

चक बेरीचे १९५६ मधील ‘रोल ओव्हर बेथोव्हन’ बीटल्सनी १९६३ मध्ये गायले, तिथे पहिल्या तबकडीशी बाजारात स्पर्धा नव्हती, गुरुस्थानी मानलेल्या कलावंताविषयीचा आदर होता. तिथे ‘पुनर्गायन’ खुशाल वापरावे.

दुसरे उत्तर

वरील भेद मान्य आहे, पण ‘पुनर्गायन’ हा शब्द त्या दुसऱ्या अर्थालाही पुरत नाही. रॉक अँड रोलमध्ये नव्या कलावंताची छाप गळ्याइतकीच गिटारवर आणि ढोलाच्या ठोक्यावर पडते. निव्वळ वाद्यांवर वाजवलेल्या रचनेला ‘गायन’ म्हणणे तर हास्यास्पदच ठरेल. ‘पुनर्ध्वनिमुद्रण’ म्हटले, तर त्याच कलावंताने तेच गाणे पुन्हा नोंदवले असा समज होतो.

आपल्याकडील कॅसेटच्या धंद्यात १९८० च्या दशकात अशा गाण्यांना ‘व्हर्जन’ म्हणत. जुनी चित्रपटगीते नव्या गायकांच्या आवाजात स्वस्तात विकली जात, आणि त्याला १९५७ च्या भारतीय कायद्यातील जवळपास तशाच तरतुदीचा आधार होता. म्हणजे व्यवहार ओळखीचा होता, शब्द मात्र इंग्रजीच राहिला. गीतरामायणाची उलटी गंमत अशी की १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती गीते वेगवेगळ्या गायकांनी गायली होती, पुढे घरोघरी पोहोचली ती बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात, तरीही त्याला कव्हर म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण चाल त्यांचीच होती.

माझे मत असे की ‘कव्हर’ हा शब्द नपुंसकलिंगी मानून तसाच ठेवावा, अनेकवचन ‘कव्हर्स’ न करता ‘कव्हरे’ करावे, आणि जिथे बाजारातील चढाओढ सांगायची असेल तिथे वर सुचवलेला ‘प्रतिस्पर्धी ध्वनिमुद्रण’ हा शब्दप्रयोग करावा. फक्त तबकडीच्या छापील आवरणाला त्याच लेखात ‘कव्हर’ म्हणू नये. ‘एल्विसच्या कव्हरवर टीका झाली’ या वाक्यात टीका गाण्यावर झाली की छायाचित्रावर, हे वाचकाला कळणार नाही. तिथे ‘वेष्टन’ हा शब्द पुरेसा आहे.