मुखपृष्ठावरची 'डिम्युअर' बाई मराठीत कशी आणायची?

रानजाई: चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. 'दीपावली' अंकावरच्या स्त्रियांचा चेहरा त्यात 'डिम्युअर' (demure) म्हटलाय. मान जराशी कललेली, पापण्या झुकलेल्या, ओठ मिटलेले. मी 'सलज्ज' लिहिलं, संपादकांनी खोडून 'शालीन' केलं. मला पटत नाहीये.

गोदाकाठ: संपादक बरोबर आहेत. लाज क्षणापुरती असते, शालीनता स्वभावात.

आडवाट: चित्रात स्वभाव कुठून दिसणार? दिसतो तो भाव. शिवाय शालीनचं मूळ पाहा. पाणिनीचं सूत्रच आहे, 'शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः'. शाला म्हणजे घर, शालीन म्हणजे अधृष्ट, धिटाई नसलेला. घरातच शोभणारी बाई! मी तरी हा शब्द वापरणार नाही.

गोदाकाठ: अहो, बोलताना पाणिनी कोणाच्या मनात असतो? शालीन आपण पुरुषालाही म्हणतो.

आडवाट: म्हणतो, पण त्याची नम्रता पाहून. त्याच्या झुकलेल्या पापण्या पाहून कोणी म्हणत नाही.

पाटपाणी: 'मुग्ध' चालेल का? काव्यशास्त्रातल्या मुग्धा, मध्या, प्रगल्भा या नायिकांतली पहिली.

आडवाट: मुग्धमध्ये 'मुह्' धातू, म्हणजे भांबावणं. दलालांच्या बायका भांबावलेल्या नाहीत. आपल्याकडे कोणीतरी बघतंय हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माजघर: अगदी! आमची आई अशा चित्रांना 'ठेवणीतलं हसू' म्हणायची. ठेवणीतली पैठणी असते ना, तसं. फोटो काढतानाही 'ठेवणीतलं हस' म्हणून सांगायची.

गोदाकाठ: आमच्याकडे ठेवणीतल्या फक्त शिव्या. लेखात हे फार घरगुती वाटेल, ताई.

माजघर: घरगुती असू दे. तो अंक घराघरांतच वाचला जायचा, आणि 'सलज्ज' कुठल्या घरात बोलतात? मला तर ते हसू बाईनं मुद्दाम काढून चेहऱ्यावर घातलेलं वाटतं. डिम्युअरमध्येही हा मुद्दामपणा असतोच.

पाटपाणी: माझ्याकडच्या जुन्या अंकांवर बहुतेक बाया ओठ मिटून हसतात. नट्यांचे फोटो छापलेल्या अलीकडच्या अंकांवर दात दिसतात. नाट्यशास्त्रातला भेदच हा: स्मितात दात दिसत नाहीत, हसितात थोडे दिसतात. रानजाई, सरळ 'स्मितहास्य' लिहा.

गोदाकाठ: स्मितहास्य ही द्विरुक्ती आहे. स्मित म्हणजेच हास्य.

पाटपाणी: द्विरुक्ती कशी? हास्याच्या सहा प्रकारांतलं स्मित हे एक. आम्रवृक्ष म्हणतोच ना?

गोदाकाठ: आम्र म्हणजे फळही, म्हणून तिथे वृक्ष लागतो. स्मिताला दुसरा अर्थ दाखवा, मग मान्य करतो.

आडवाट: मोल्सवर्थचा शब्दकोश काढून बघतो, थांबा.