शब्दचर्चा : कंपनी ‘विलीन’ होते की तिचं ‘कलम’ होतं?

रत्नागिरीत बारावीला वाणिज्य शिकवतो. नवं तंत्र स्वतः घडवत बसण्यापेक्षा ते घडवणारी छोटी कंपनीच मोठ्या कंपन्या विकत घेतात, यावर मुलांसाठी मराठीत टिपण करायला घेतलं आणि शब्दांपाशी अडलो.

‘संपादन’ म्हटलं की आमच्या मुलांना महामार्गाची मोजणी आठवते. ‘अधिग्रहण’ म्हणजे निवडणुकीसाठी प्रशासनानं ताब्यात घेतलेल्या गाड्या. ‘विलीनीकरण’ त्यांनी २०२१ च्या एसटी संपात ऐकलं. या तिन्ही शब्दांत घेणारा दिसतो, पण ज्यासाठी घेतलं ती गोष्ट दिसत नाही. एका मुलीनं विचारलंच, “सर, विलीन झालं तर मग उरलं काय?” फेसबुकनं २०१२ साली इन्स्टाग्राम घेण्याचा सौदा १०० कोटी डॉलरला जाहीर केला, तेव्हा तिथं १३ माणसं होती. इन्स्टाग्राम नावानिशी राहिलं आणि वाढलं. याला विलीन कसं म्हणायचं?

मला ‘कलम’ योग्य वाटतं. आंब्याच्या कलमात खुंट रायवळचा, म्हणजे कोयीतून उगवलेल्या साध्या आंब्याचा, आणि त्यावर जोडलेली काडी हापूसची. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. मोठ्या कंपनीचं भांडवल नि बाजारपेठ ही मुळं, छोटीची कल्पना ही काडी. अडचण एकच : कंपनी कायदा, २०१३ मध्ये एकत्रीकरणाची तरतूद ‘कलम २३० ते २३२’ मध्ये आहे. एकाच पानावर दोन ‘कलमं’ आली तर मुलं गोंधळतील.

प्रतिसाद, वेंगुर्ल्याहून :
सर, आमची रोपवाटिका आहे. शब्द आवडला, पण अर्धाच पटला. कोय कलमात रोपाची पानं तांबूस असतानाच शेंडा छाटतो, मधोमध चीर देतो, काडीला पाचरीसारखा तास देऊन आत बसवतो आणि पट्टी गुंडाळतो. खरं काम त्यानंतरचं. जोडाखाली खुंटाला फुटवे येतात, ते वेळच्या वेळी खुडले नाहीत तर सगळा जोर खातात आणि काडी वाळते. मुळं त्याचीच, त्यामुळे जोरही त्याचाच. विकत घेतलेल्या छोट्या कंपनीचं हेच होत असणार. हा भाग टिपणात जरूर घ्या.

मात्र कलमातून नवं काही निघत नाही. हापूसच्या काडीला हापूसच लागतो. नवं हवं तर संकर करावा लागतो. इथल्या फळ संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, १९८१ मध्ये. त्यात साका, म्हणजे हापूसच्या गरात होणारा खराब भाग, धरत नाही. ते हापूसच्या कलमातून कधीच मिळालं नसतं.

मूळ लेखक :
काका, फुटव्यांचं मला ठाऊक नव्हतं. ‘जोड धरला नाही’ हेही आता वापरता येईल. डाइम्लर आणि क्रायस्लर या मोटार कंपन्या १९९८ मध्ये एकत्र आल्या, २००७ मध्ये वेगळ्या झाल्या, त्यांना तेच लागू पडतं. संकराचा मुद्दा मान्य. म्हणजे दोन शब्द लागतील : दुसऱ्याची तयार कल्पना आपल्या मुळांवर वाढवली तर कलम, दोघांच्या मिश्रणातून तिसरंच निघालं तर संकर.

प्रतिसाद, दापोलीहून :
टिपणात ‘इनोव्हेशन’साठी ‘नाविन्यता’ लिहू नका. सरकारी खात्याच्या नावात असला तरी ‘नवीन’चं भाववाचक नाम ‘नावीन्य’ असं होतं, त्याला पुन्हा ‘ता’ कशाला? वी दीर्घ. ‘नवोन्मेष’ अचूक आहे, पण बारावीच्या मुलाला जड जाईल. आणि कायद्याच्या कलमाची अडचण असेल तर क्रियापद वापरा, ‘कलम बांधणे’. कायद्याचं कलम लागू होतं, आंब्याचं बांधतात.

मूळ लेखक :
हे सुटलं. पहिलं वाक्य असं करतो : “कंपनी विकत घेणं म्हणजे कलम बांधणं, ते जगलं की नाही हे फुटवे कोण खुडतो यावर ठरतं.” कायद्याच्या परिच्छेदात मात्र ‘विलीनीकरण’च ठेवतो, परीक्षेत तोच शब्द येतो.