एका कॉफीवर किती वेळ? लॅपटॉप घेऊन कॅफेत बसणाऱ्यांनो, अनुभव लिहा

सायलेंट मोड
आमचं कोथरूडचं घर दोन बेडरूमचं. 2020 च्या मार्चमध्ये ऑफिस घरी आलं ते परत गेलंच नाही. आता लेक दहावीला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांची फिजिओवाली रोज अकराला येते आणि माझा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंगही बरोबर अकराला. एकदा क्लायंटसमोर स्क्रीन शेअर करून बोलत होते, तर मागून दणदणीत आवाज आला, "अगं, किती शिट्ट्या झाल्या?" पलीकडे तिघं जण काही क्षण गप्प. त्या दिवसापासून मंगळवार आणि गुरुवार मी कर्वे रोडजवळच्या एका कॅफेत बसते.

जागा छान आहे. खिडकीशी प्लग आहे, गाणी हळू आवाजात लावतात. पण गेल्या मंगळवारी सव्वादहाला एक कॅपुचिनो घेऊन बसले ती बसलेच. साडेबाराला तिथला पोरगा ग्लासात पाणी भरून गेला. एकला पुन्हा आला, ग्लास भरलेलाच होता, तरी वर दोन थेंब ओतून गेला. दीडला त्याने टेबल पुसलं, माझ्या लॅपटॉपच्या कडेकडेने, मुलं नकाशात समुद्र रंगवतात तसं. मी मुकाट एक सँडविच मागवलं. डबा पिशवीत होता, भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या. तो रात्री खाल्ला.

तर विचारायचंय, एका कॉफीवर किती वेळ बसायचं असतं? तुम्ही काय मागवता, कुठे बसता, काय फजिती झाली, सगळं लिहा.

गुरुवारपीडित
ताई, मंगळवार ठीक, पण गुरुवार कशाला? पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जायची असली की ती गुरुवारीच जाते. आमच्या बाणेरच्या सोसायटीत जनरेटर फक्त लिफ्टला आणि पाण्याच्या पंपाला. लाईट जाणार असा मेसेज आला की सकाळी नऊ वीसला कॅफेच्या बंद शटरपुढे सात-आठ जण पाठीला बॅगा लावून उभे, रेशनच्या दुकानासारखे. त्यातला एक आमच्याच मजल्यावरचा निघाला. लिफ्टमध्ये वर्षभर नुसती मान हलवत होतो, तिथे नाव कळलं. मी एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जातो. त्यामुळे मला मान आहे.

दादर वेस्ट
सगळ्यात मोठा प्रश्न कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. बाथरूम.

एकटी बाई, कंपनीचा लॅपटॉप, तीन तास, दोन कॉफ्या. लॅपटॉप सोबत न्यावा तर परत येईपर्यंत जागा गेलेली असते, आणि आत तो ठेवायचा कुठे? ओल्या बेसिनवर? सोडून जावं तर जीव थाऱ्यावर राहत नाही. मग कुणाला तरी "जरा बघाल का, आलेच" म्हणायचं. कुणाला म्हणायचं याचा माझा नियम असा, की ज्याचा लॅपटॉप माझ्यापेक्षा महाग त्याला. त्याला माझा कशाला हवा असेल?

एकदा अशाच एका मुलाला सांगून गेले. येऊन बघते तर मुलगा गायब. माझ्या लॅपटॉपशेजारी एक आजोबा बसलेले, एका हातात पेपर आणि दुसरा हात लॅपटॉपच्या झाकणावर, नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा. "तो गेला. जाताना मला सांगून गेला. मला आता निघायचंय, पण तुम्ही येईपर्यंत थांबलो." त्यांचा चहा केव्हाच संपला होता. बिलही दिलेलं होतं.

काउंटरपलीकडून
इतका वेळ नुसतं वाचत होतो, पण आता लिहितोच. नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला माझं छोटं कॅफे आहे. नऊ टेबलं.

सायलेंट मोड, पोरगा पहिल्यांदा पाणी भरायला येतो तेव्हा तो खरंच पाणी भरायलाच आलेला असतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला मी पाठवलेलं असतं.

पण आम्ही तुमच्यावर डूख धरून असतो असं समजू नका. सकाळी दहा ते साडेबारा माझ्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. रिकाम्या कॅफेत माणूस शिरत नाही, दारातून डोकावून पुढे जातो. त्या वेळी खिडकीत लॅपटॉप उघडून बसलेल्या तुम्ही म्हणजे माझी फुकटची जाहिरात. एक कोल्ड कॉफी आणि चार स्ट्रॉ घेऊन तीन तास बसणारी कॉलेजची पोरंही असतात. त्यांच्यापुढे तुम्ही परवडता.

दुखतं ते एक ते अडीच. चार खुर्च्यांच्या टेबलावर एक माणूस, एका खुर्चीवर बॅग, एकीवर हेल्मेट, कानात हेडफोन. दारात चौघांचं कुटुंब उभं, बाई सगळीकडे नजर फिरवते आणि म्हणते, चला, दुसरीकडे जाऊ. ते हजारएक रुपयांचं जेवण माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात जातं. भाडं मला तासावर लागतं, तुमच्या कॉफीवर नाही. बरं, उठा म्हणायचं तरी कसं? आपल्याकडे आलेल्या माणसाला ऊठ म्हणत नाहीत. मग पाणी भरायचं, टेबल पुसायचं, एसी वाढवायचा. दोन प्लग मी मुद्दाम बंद ठेवलेत, कबूल करतो.

माझं गणित विचाराल तर गर्दी नसेल तेव्हा दीड तासाला एक काहीतरी मागवा. लिंबू सरबत चालेल. एक वाजला की आपणहून भिंतीकडच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर सरका. एवढं करणाऱ्याला मी पासवर्ड बदलला की स्वतः जाऊन सांगतो. आणि कॉल बाहेर जाऊन घ्या हो. तुमच्या कंपनीत कुणाचं प्रमोशन अडलंय हे माझ्या किचनला पाठ झालंय.

सायलेंट मोड
दुसऱ्यांदा पाठवलेलं असतं!! वाटलंच होतं मला.

जयनगर फोर्थ ब्लॉक
बंगळुरात चौदा वर्षं झाली. इथे इंदिरानगर, कोरमंगलात लॅपटॉपशिवाय बसलेला माणूस दिसला तर लोक वळून बघतील. मालकांचं म्हणणं पटलं, पण एक आठवण करून देतो. 1996 साली इथे ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं ते इंटरनेट आणि कॉफी एकत्र विकायलाच. म्हणजे कॉफी शॉपात स्क्रीन बघत बसणारी माणसं नंतर घुसलेली नाहीत, पहिल्यापासून आहेत. फरक इतकाच, की तेव्हा सायबर कॅफेत गेलं की इंटरनेटचे पैसे तासावर पडायचे आणि ते कुणालाच गैर वाटायचं नाही. आता इंटरनेट ज्याच्या त्याच्या खिशात. विकायला उरली खुर्ची, आणि खुर्चीचे तासाचे पैसे मागायला कुणाची जीभ रेटत नाही. सरळ "तासाला साठ रुपये, कॉफी वेगळी" अशी पाटी लावा. मी देईन.

बॅलन्स टॅली
सीए आहे म्हणून दोन ओळी. कॉफी-सँडविचच्या बिलावरच्या पाच टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होत नाही, बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घेतलात तरी. आणि फ्रीलान्सर असाल, निम्मं उत्पन्न नफा धरून अनुमानित पद्धतीने रिटर्न भरत असाल, तर कॅफेची बिलं डब्यात साठवून मार्चमध्ये माझ्यापुढे ओतू नका. खर्च उरलेल्या निम्म्यात धरलेला असतो.

हान नदीकाठी
सोलमध्ये पोस्टडॉक करतोय. तुमच्याकडे प्रकरण अजून बाल्यावस्थेत आहे असं दिसतं! इथे कॅफेत ठाण मांडणाऱ्यांना 'कागोंगजोक' असा शब्दच आहे. का म्हणजे कॅफे, गोंग म्हणजे अभ्यास आणि जोक म्हणजे जमात. लोक डेस्कटॉप, प्रिंटर घेऊन यायला लागले, टेबलावर पार्टिशन उभारायला लागले. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये इथल्या स्टारबक्सने या वस्तू आणायला मनाई केली. लॅपटॉप अजून चालतो.

दादर वेस्ट, तुमचा प्रश्न मात्र इथे नाही. लोक लॅपटॉप आणि फोन टेबलावर ठेवून खुशाल बाहेर जेवून येतात. मी तीन वर्षं बघतोय. तरी बाथरूमला जाताना माझा लॅपटॉप अजून माझ्या काखेत असतो. ठाण्याची सवय.

एडिसनकर
आईकडे डोंबिवलीला महिनाभर होते, काम तिथूनच चालू. कॅफेत वायफाय फुकट, पण ओटीपी भारतीय नंबरवरच येतो आणि माझं सिम अमेरिकेचं. शेवटी ओटीपी आईच्या फोनवर मागवला. आई फोनवर आकडे सांगतेय, "सात... नाही गं, एक आहे तो, चष्मा आणते थांब," आणि तोवर त्याची मुदत संपलेली. तीनदा झालं. काउंटरवरच्या मुलीने स्वतःचा नंबर टाकून दिला. सोबत नेलेली चॉकलेटं नातेवाइकांच्या आधी तिला मिळाली.

जुना वाचक
विनोदी नाही, पण लिहितो. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या टेबलावर पंचविशीचा एक मुलगा बसायचा. तोंडओळख झाली होती, चार्जर एकदा माझा वापरला होता त्याने. त्या दिवशी त्याला कॉल आला. कॅमेरा चालू करण्याआधी त्याने केस नीट केले, शर्टाची कॉलर ओढली. पाच-सात मिनिटांचा कॉल. तो जवळजवळ काहीच बोलला नाही. "येस. येस, आय अंडरस्टँड. थँक यू." थँक यू दोनदा. मग नुसता स्क्रीनकडे बघत बसला. पासवर्ड टाकला, परत टाकला, लॅपटॉप उघडेना. तेवढ्यात त्याने आधी मागवलेला चीज टोस्ट आला. एरवी कडा काढून ठेवायचा. त्या दिवशी कडांसकट सगळा खाल्ला, सावकाश, बाहेरचा पाऊस बघत. माझ्या कॉलची वेळ झाली होती. मला तिथे बसून बोलता येईना, म्हणून छत्री घेऊन फुटपाथवर गेलो. परत आलो तेव्हा टेबल पुसलेलं होतं.

दादर वेस्ट
@जुना वाचक, परत दिसला का तो?

जुना वाचक
नाही.

सायलेंट मोड
सगळ्यांचे आभार. आज परत गेले होते. अकराला दुसरी कॉफी, एकला भिंतीकडे सरकले. तिथे प्लग नाही, बॅटरी चव्वेचाळीस टक्के. दीडला पोरगा जग घेऊन आला. मी आधी काउंटरकडे बघितलं. मालक फोनवर होते, पाठ माझ्याकडे. म्हणजे आपणहूनच आला होता. म्हटलं, भर बाबा.