मेरी स्यूला कायम 'ती'च का म्हणायचं?

खडूस_वाचक: परवा कुणीतरी ठासून लिहिलंय की मेरी स्यूबद्दल (म्हणजे गोष्टीतलं ते सगळं जमणारं, सगळ्यांचं लाडकं, कधी न चुकणारं पात्र) बोलताना 'ती'च म्हणायचं, नावच बाईचं आहे, बाप्या असेल तर गॅरी स्टू म्हणा, विषय संपला. डोकंच फिरलं. १९७३ साली पॉला स्मिथने स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या फॅनफिक्शनची, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींची, टर उडवायला एक छोटीशी गोष्ट लिहिली, त्यात मेरी स्यू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट, सगळ्यांत हुशार, सगळे तिच्यावर फिदा. चेष्टा नवशिक्या लिखाणाची होती. आता बाईने जरा तलवार उचलली की मेरी स्यू, आणि बाप्या पहिल्याच दिवशी विमान उडवतो तो 'हिरो'! आधीच 'ती' म्हणून ठेवलं की शोधतानाही आपण बायकाच शोधतो.

तिरकस_तात्या: आलं का इथेही हे. अहो तेव्हा स्टार ट्रेकचं फॅनफिक्शन लिहायच्या बहुतेक बायकाच, मग पात्रं मुलीच असणार ना. 'ती' म्हटलं तर बिघडलं कुठे?

खडूस_वाचक: आणि वेस्ली क्रशर? १९८७ च्या स्टार ट्रेक मालिकेतलं पोरगं, मोठ्यांना जमत नाही तिथे हा जहाज वाचवणार. निर्माता जीन रॉडनबेरी, त्याचं स्वतःचं मधलं नाव वेस्ली! याला 'ती' म्हणू?

कुडाळची_चेडू: पात्र नपुंसकलिंगी, 'ते' म्हणा की. एवढं काय त्यात. आमच्या मालवणीत चेडू (मुलगी) पण 'ता'च, म्हणजे 'ते'.

चिडकी_चिऊ: त्याचंच तर दुखणं आहे! आजोळी सगळे माझ्याबद्दल 'ता इला, ता गेला' म्हणायचे, भाऊ मात्र 'तो इलो'. इतका राग यायचा. आणि 'ते' म्हणून सुरू केलं तरी दोन वाक्यांनी 'ती रडते, तिच्यावर सगळे भाळतात' सुरूच होतं, करून बघा.

कुडाळची_चेडू: राग कसला, लाडाने म्हणतात गो. घाटावर वाढलीस वाटतं.

रंकाळा_रिटर्न्स: आम्ही कोल्हापूरच्या बायका सरळ 'मी आलो, मी जातो' म्हणतो, कुणाचं काय अडलं नाही. पुण्यात कॉलेजला पहिल्याच दिवशी तसं बोललो तर अख्खा वर्ग फिदीफिदी, बाईंनी 'मुलगी आहेस ना तू' म्हणून उभं केलं.

तिरकस_तात्या: प्रमाण भाषा नावाची काही गोष्ट असते ताई.

रंकाळा_रिटर्न्स: असते की, तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा झाकून. दुसऱ्याच्या बोलण्याला हसायचं हे कुठलं प्रमाण?

तिरकस_तात्या: मी हसलो नव्हतो, मी तेव्हा नाशकात होतो.

चिडकी_चिऊ: आपल्या मालिकांचं कोणी बोलतच नाही. नायिका स्वयंपाक करते, सासऱ्यांचा बुडता धंदा सावरते, गुंडांना धूळ चारते, वर कटकारस्थान करणाऱ्या जावेला माफ पण करते. तिला मेरी स्यू म्हणायला हरकत नाही, पण शेजारी तो करोडपती, न चुकणारा, न घाम येणारा नवरा बसलाय त्याला कोणी काही म्हणत नाही.

तिरकस_तात्या: बरं बाई, तो नवरा मेरी स्यू आणि तोही 'तो'. खूश? माझ्या बायकोला मात्र सांगू नका, ती रोज बघते त्याला.

खडूस_वाचक: एवढं मान्य करायला तुम्हाला नवराच लागला, वेस्ली नाही चालला.

सांगलीचा_बाळ्या: ते वेस्ली राहू द्या, कोल्हापूरवाल्या ताई, जयसिंगपूरच्या आमच्या सासूबाई पण 'मी जेवलो' म्हणतात, आणि आमची पोरगी आता पुण्यात वाढून तसंच बोलते, शाळेतून चिठ्ठी आलीय. काय उत्तर लिहू?