खुर्चीवरचा योग: आमच्या ओटीवरून

कुणीतरी विचारतं, 'खुर्चीत बसून हातपाय हलवणं हा कसला योग?' अहो, पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी साधी लोखंडी घडीची खुर्ची आसनांसाठी वापरली, तीही मुरलेल्या साधकांसाठीसुद्धा. तेव्हा खुर्ची म्हणजे कमीपणा, हे डोक्यातून काढा.

आमच्याकडे, रत्नागिरीजवळच्या गावात, खरी अडचण वेगळीच. घरोघरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गुळगुळीत लादीवर त्या सरकतात आणि एका बाजूला वजन गेलं की पाय फाकतात. म्हणून खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, शक्यतो लाकडी घ्यायची. आईची उंची कमी, तिचे पाय लोंबकळायचे. जेवणाचा पाट पायाखाली दिला, काम झालं! तळवे पूर्ण टेकले की कणा सरळ ठेवणं सोपं जातं. मग घोटे फिरवणं, श्वास घेत हात वर, श्वास सोडत पाठीला हलका पीळ. हाडं ठिसूळ असतील तर मात्र पीळ आणि पुढे वाकणं डॉक्टरांना विचारूनच.

बायका योगाला येत नव्हत्या त्या लाजेपोटी. पँट घालावी लागेल, जमिनीवर बसलो तर उठताना कुणाचा तरी हात धरावा लागेल. साडीतच करायचं म्हटल्यावर शेजारच्या दोघी आल्या. वर्ग वगैरे नावच नको. देवळात भजनाला जमतातच, तर सभामंडपात आधी पंधरा मिनिटं. खुर्च्या मंडळाच्या असतातच की, गणपतीनंतर अकरा महिने नुसत्या रचून ठेवलेल्या!